नोकरी सातासमुद्रापार, पैसे मात्र आधी

‘अभिनंदन मॅडम! आमच्या शाळेत इंग्रजी शिक्षिका म्हणून आपली निवड झाली आहे. पगार दरमहा साडेसहा हजार पौंड, राहायला सुसज्ज घर, वर्षातून एकदा मायदेशी जाण्यायेण्याचं तिकीट, पती आणि मुलांचा व्हिसा शाळेतर्फे. अठ्ठेचाळीस तासांत कागदपत्र पडताळणीचं शुल्क भरून आपली जागा निश्चित करावी.’

अशा मजकुराची चार पत्रं गेल्या दोन वर्षांत माझ्यासमोर आली. आमच्या तालुक्याच्या गावातल्या महिला सल्ला केंद्रात मी आठवड्यातून तीन दिवस बसते. तिथे सासरच्या छळाच्या, पोटगीच्या तक्रारी येतात, आजही येतातच. पण पर्समधून मोबाइल काढून ‘ताई, हे खरं असेल का हो?’ असं हळूच विचारणाऱ्या शिकल्यासवरल्या मुली आता त्यांच्यात दिसू लागल्या आहेत. या चौघीही बी.एड. झालेल्या. दोघी पैसे भरण्याआधी आल्या आणि दोघी भरून झाल्यावर.

हे ऐकलं की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘एवढ्या शिकलेल्या असून फसतात कशा?’ मैत्रिणींनो, मला वाटतं प्रश्न उलटा विचारायला हवा. शिकलेल्या आहेत म्हणूनच या जाळ्यात ओढल्या जातात. अडाणी बाईला लंडनच्या शाळेचं पत्र कोण पाठवणार? ज्या मुलीकडे पदवी आहे, इंग्रजी बऱ्यापैकी आहे आणि त्या पदवीची किंमत गावात कुणी करत नाही, तिच्यासाठीच हे पत्र लिहिलेलं असतं.

जरा आपल्या घराजवळचं चित्र बघा. महाराष्ट्रात २०१२ पासून शिक्षकभरती जवळजवळ थांबली होती. पुढे अभियोग्यता चाचणी आली, पवित्र पोर्टल आलं. पहिली चाचणी २०१७ च्या डिसेंबरमध्ये झाली आणि दुसरी थेट २०२३ मध्ये. मधल्या पाच वर्षांत किती मुलींची लग्नं झाली, किती जणींची वयं उलटली, याचा हिशेब कुठल्या पोर्टलवर नाही. डी.एड., बी.एड.ची कॉलेजं मात्र गल्लोगल्ली निघाली होती. ज्यांना नोकरी लागली त्या शिक्षणसेवक म्हणून. त्यांचं प्राथमिकचं मानधन जानेवारी २०२३ पर्यंत महिना ६,००० रुपये होतं. ते तेव्हा १६,००० झालं. विनाअनुदानित शाळेत किंवा तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईच्या हातात काय पडतं ते विचारूच नका. सही एका आकड्यावर आणि पाकिटात दुसराच, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

आणि त्याहून एक वाईट सवय आपल्याला लागली आहे, ती म्हणजे नोकरीसाठी पैसे द्यायची. संस्थेत लागायचं तर ‘डोनेशन’ द्यावं लागतं, हे घराघरांत इतकं मुरलंय की मुलगी बी.एड.ला गेली की बाप जमिनीचा तुकडा बाजूला काढून ठेवतो. टीईटीचा घोटाळा २०२१ च्या डिसेंबरात उघडकीला आला. नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडी काढून शिक्षक नेमल्याचं प्रकरण २०२५ मध्ये गाजलं, अधिकाऱ्यांना अटका झाल्या. अशा हवेत वाढलेल्या मुलीला परदेशी शाळेने दीड लाख मागितले तर धक्का बसत नाही. उलट तिला वाटतं, इथे संस्थाचालक पंधरा लाख मागतात, त्या मानाने हे स्वस्त! भामट्याला आपलं शिक्षणखातं माहीत नसेल, पण आपल्या मनाची तयारी मात्र त्याच्या पथ्यावर पडते.

भरून झाल्यावर आलेल्या दोघींपैकी एकीची गोष्ट थोडी सविस्तर सांगते. नावगाव सांगत नाही. वय चौतीस, एम.ए., बी.एड., पदरात दोन मुलं. एका खासगी शाळेत महिना आठ हजारांवर इंग्रजी शिकवायची. नोकरीच्या एका जाहिरातीला तिने माहिती पाठवली आणि चार दिवसांत इंग्लंडमधल्या शाळेकडून म्हणून उत्तर आलं. मुलाखत झाली ती मोबाइलवर, नुसत्या लेखी प्रश्नोत्तरांची. चेहरा नाही, आवाज नाही. प्रश्न सोपे होते. ‘वर्गात मस्ती करणाऱ्या मुलाला कसं हाताळाल?’ तिने मनापासून दोन पानं लिहिली. मला ती दाखवताना म्हणाली, ‘ताई, बारा वर्षांत मला कुणी पहिल्यांदा विचारलं हो, की तू कशी शिकवतेस.’

पहिली मागणी साडेबारा हजारांची होती, कागदपत्र पडताळणीसाठी. ते तिने भिशीच्या पैशातून भरले. मग व्हिसाचा विमा म्हणून ३८,००० आले. त्यासाठी पतसंस्थेत पाटल्या गहाण गेल्या. मग ‘परतावा मिळणारी अनामत’ १,१०,०००. हे पैसे पहिल्या पगारात परत मिळणार होते. आईने स्वतःच्या बांगड्या मोडल्या. नवऱ्याला दोघींनी सांगितलं नव्हतं. चौथ्या वेळी ‘पोलीस दाखल्यासाठी’ म्हणून ६५,००० मागितले, तेव्हा ती माझ्याकडे आली. तीसुद्धा संशय आला म्हणून नव्हे. बचत गटातून कर्ज मिळेल का, हे विचारायला आली होती.

या हप्त्यांचा क्रम बघा. सुरुवातीला रक्कम अशी की घरखर्चातून, भिशीतून निघेल. एकदा ती गेली की पुढची मागणी नाकारायची म्हणजे आधीचे पैसे बुडाले असं मान्य करायचं. ते मन धजत नाही. म्हणून बाई आणखी भरते. एवढं भरलं, आता थोडक्यासाठी कशाला सोडायचं, हा विचार तिच्या डोक्यात आपोआप येतो. त्यासाठी समोरच्याला फार बोलावंही लागत नाही.

आता त्या पत्राचीच चिरफाड करू. पत्रावरचं शाळेचं नाव आणि बोधचिन्ह खरं होतं. अशी शाळा इंग्लंडमध्ये खरोखरच आहे, तिच्या संकेतस्थळावरून चित्र उचललेलं. पण पत्र आलं होतं ते कुणालाही फुकट उघडता येणाऱ्या ईमेलवरून. पगार बघा. इंग्लंडच्या सरकारी शाळांत लंडनबाहेरच्या नव्या शिक्षकाचा पगार सप्टेंबर २०२५ पासून वर्षाला ३२,९१६ पौंडांपासून सुरू होतो. म्हणजे महिन्याला पावणेतीन हजार पौंडांच्या आतबाहेर, तोही कर कापण्याआधीचा. इथे साडेसहा हजार देतात म्हणे! शिवाय तिथल्या शाळांना मुलांच्या सुरक्षिततेचे कडक नियम पाळावे लागतात. ओळखीची पडताळणी, आधीच्या ठिकाणी चौकशी, समोरासमोर किंवा पडद्यावर मुलाखत, हे झाल्याशिवाय बाईला वर्गात पाऊल ठेवू देत नाहीत. नुसतं टाइप करून घेतलेल्या मुलाखतीवर परक्या बाईच्या हाती मुलं सोपवणारी शाळा आपण आपल्या मुलांसाठी तरी निवडू का?

पैशाचं तर सरळच आहे. ब्रिटनमध्ये नोकरी शोधून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेणं १९७३ च्या कायद्याने एजन्सीला मना आहे. परदेशी माणसाला कामावर घ्यायचं तर शाळेकडे सरकारचा परवाना लागतो, परवानाधारकांची यादी तिथलं सरकार सगळ्यांसाठी खुली ठेवतं, आणि त्या प्रायोजकत्वाच्या दाखल्याचा खर्च मालकाने करायचा असतो. व्हिसाचं शुल्क अर्जदार भरतो हे खरं, पण तो सरकारच्या अधिकृत अर्जातून भरतो, कुणा रमेशच्या किंवा सुरेशच्या यूपीआयवर नाही. आणि तो पोलीस दाखला, ज्याचे ६५,००० मागितले? परदेशी जाण्यासाठीचा पोलीस दाखला आपल्याच पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतो, शुल्क ५०० रुपये. हे ऐकल्यावर ती बराच वेळ काही बोललीच नाही.

यादीत शाळेचं नाव सापडलं म्हणून हुरळून जाऊ नये, हेही सांगते. भामटा नाव खरंच वापरतो. शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा नंबर शोधून त्यांना थेट विचारायचं, पत्रातल्या नंबरवर नाही. आम्ही शाळेच्या कार्यालयाला चार ओळींचा ईमेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, की अशी कुठलीही जागा आम्ही भरत नाही. पहिल्या हप्त्याआधी केला असता तर फुकटात झालं असतं हे काम.

यातली मेख अशी की परदेशातल्या संधी सगळ्याच खोट्या नाहीत. इंग्लंडने फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह काही देशांतल्या गणित, विज्ञान आणि परभाषांच्या शिक्षकांना तिथली शिक्षक-पात्रता मिळवण्याचा रस्ता खुला केला. आपल्या राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. आखाती देशांत सीबीएसईच्या भारतीय शाळा कितीतरी वर्षांपासून आहेत, आपल्या मराठी बायका तिथे शिकवतात, सुट्टीत येतात तेव्हा आपण त्यांना बघतो. म्हणजे पेपरात खरी बातमी येते आणि तिच्याच आडोशाने खोटं पत्र येतं. ‘अगं, पेपरात आलं होतं की!’ हे वाक्य मी चौघींकडूनही ऐकलं.

नोकरी खरी असूनही लुबाडणूक होऊ शकते, याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. ते आपल्याकडचं नाही, फिलिपिन्सचं आहे. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात २००७ पासून साडेतीनशेहून अधिक फिलिपिनो शिक्षक नेले गेले. शाळा खऱ्या, वर्ग खरे, व्हिसाही खरा. पण लॉस एंजेलिसच्या एका एजन्सीने एकेकाकडून सुमारे १६,००० डॉलर वसूल केले. ते एकदम सांगितले नाहीत. आधी काही हजार भरून घेतले आणि माणूस परत फिरू शकणार नाही अशा टप्प्यावर आल्यावर उरलेले मागितले. पैसे पूर्ण होईपर्यंत पासपोर्ट आणि व्हिसा अडकवून ठेवले. तिथे पोचल्यावर पुढच्या वर्षाच्या पगारातला दहावा हिस्सा देण्याच्या करारावर सह्या घेतल्या. व्याजाने कर्ज काढून गेलेली माणसं, ती बोलणार कुठे? पण बोलली. शिक्षक संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली, २०१० मध्ये खटला दाखल झाला आणि डिसेंबर २०१२ मध्ये ज्यूरीने त्यांना ४५ लाख डॉलर भरपाई देण्याचा निर्णय दिला.

आमच्याकडच्या पत्रात आणि त्या प्रकरणात एक धागा सारखाच आहे. पैसे तुकड्यातुकड्याने मागायचे. म्हणून मी मुलींना सांगते, एजंट खरा वाटला तरी एकूण किती आणि कशाकशाचे, हे आधी लेखी घ्या. जो लेखी देत नाही त्याच्याशी पुढे बोलायचंच नाही.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. परदेशी कामाला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या उत्प्रवासी महासंरक्षकांकडे नोंदणी करावी लागते. त्याला घेता येणारा सेवाशुल्काचा आकडाही ठरलेला आहे, ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी. नोंदणी खरी की खोटी ते ईमायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर बघता येतं, मुंबईत उत्प्रवासी संरक्षकांचं कार्यालयही आहे. पण या व्यवस्थेची नजर मुख्यतः मजुराकडे आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर तसा शेरा असतो आणि अठरा देशांत कामाला जाताना त्याला सरकारची मंजुरी घ्यावी लागते, त्या निमित्ताने कुणीतरी त्याचे कागद तपासतं. दहावी पास झालेल्याला ती अट नाही. सरकारने गृहीत धरलं की शिकलेला माणूस स्वतःचं बघून घेईल. त्यामुळे बी.एड. झालेल्या बाईचं नियुक्तिपत्र विमानतळापर्यंत कुणीच वाचत नाही. आणि कायद्यात बेकायदा एजंटाला शिक्षा काय लिहिली, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. दोन हजार! आमच्या त्या मुलीचा पहिला हप्तासुद्धा याच्या सहापट होता.

पैसे जाणं हा तरी एक प्रकार. त्याहून भीती वाटते ती बाई खरोखर विमानात बसते तेव्हा. आखातात ‘आधी भेटीच्या व्हिसावर या, मग कामाचा करून देऊ’ असं सांगितलं जातं. भेटीच्या व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा असतं, म्हणजे उतरताक्षणी बाई गुन्हेगार आणि पासपोर्ट दुसऱ्याच्या हातात. शिक्षिका म्हणून गेलेली कुणाच्या घरात मोलकरीण म्हणून राबते आणि तक्रार करायला गेली तर तीच अडकते. दुबईत खासगी शाळेच्या शिक्षकाला तिथल्या शिक्षण प्राधिकरणाची, केएचडीएची, मान्यता लागते. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्याने भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो. सीबीएसईच्या परदेशातल्या संलग्न शाळांची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर आहे. ‘आधी या, मग बघू’ याला एवढ्या तपासण्यांत कुठे जागाच नाही.

थायलंडला संगणकाच्या नोकरीवर नेतो म्हणून तरुणांना म्यानमारच्या सीमेवरच्या अड्ड्यांत कोंडल्याचं २०२२ पासून ऐकतो आहोत, तेव्हापासून परराष्ट्र मंत्रालय इशारे देत होतं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांतून साडेपाचशेच्या आसपास भारतीयांना परत आणलं. त्यांनाही पत्रच आलं होतं, असंच गोडगोड.

पुन्हा घरात येते. या सगळ्यात भामट्याला सर्वांत मोठी मदत कुणाची होते? आपल्या गप्प बसण्याची. त्या मुलीने नवऱ्याला का सांगितलं नाही, हे मी विचारलं. म्हणाली, ‘हे म्हणाले असते, तुला कोण बोलावतंय लंडनला! झाल्यावरच सांगायचं ठरवलं होतं.’ बाईने मोठं स्वप्न बघितलं की घरात आधी हसायचं, ही रीत आहे ना आपली, तिने ही चोरी सोपी केली. हसणारं घर असेल तर बाई पत्र दाखवत नाही. आणि फसल्यावर तर नाहीच नाही, कारण मग ‘तरी सांगत होतो’ ऐकावं लागतं, पुढे एखादा कोर्ससुद्धा करायची चोरी होते. माझ्यासमोर बसून नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो चिडला, उठून बाहेर गेला, दहा मिनिटांनी आत आला आणि म्हणाला, ‘चला, तक्रार कुठे करायची?’ सगळे नवरे असं म्हणत नाहीत, हे मी जाणते. दुसरी जी पैसे भरून आली, तिने अजून घरी सांगितलेलं नाही.

तक्रारीचं सांगते. पैसे गेले असं लक्षात येताच १९३० या क्रमांकावर फोन करायचा. तो राष्ट्रीय सायबर गुन्ह्यांचा क्रमांक आहे. इथे एकेका तासाला किंमत आहे, कारण तुमचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतात. लवकर कळवलं तर बँक मधल्याच खात्यात ते गोठवू शकते. आमच्या मुलीचा शेवटचा हप्ता अकरा दिवसांपूर्वीचा होता, त्यातली थोडीच रक्कम एका खात्यात सापडली आणि गोठवली गेली. ती मिळायलाही न्यायालयाचा आदेश लागणार. व्यवहारांचे क्रमांक, पत्रं, संदेश काहीही पुसू नका. रागाच्या भरात नंबर ब्लॉक करून सगळं संभाषण काढून टाकणारी भेटली की मला कपाळावर हात मारावासा वाटतो, कारण तोच तर पुरावा असतो. पोलीस ठाण्यात ‘सायबरचं आहे, जिल्ह्याला जा’ म्हणाले तरी लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची. फसवणुकीचा गुन्हा पूर्वी ४२० कलमाखाली लागायचा, जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३१८ कलमात आहे. तोंडात अजून ‘चारसोबीस’च येतं, ते सोडा. प्रकरण परदेशी नोकरीच्या एजंटाचं असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय साहाय्यता केंद्राचा १८०० ११ ३०९० हा विनामूल्य क्रमांक आहे.

कागदपत्रांकडेही बघायला हवं. आधार, पॅन, पासपोर्ट, फोटो, सहीचा नमुना, सगळं तिने पाठवलेलं होतं. एवढ्यावर कुणी तिच्या नावाने कर्ज काढू शकतं, खातं उघडून त्यात दुसऱ्या फसलेल्या बाईचे पैसे वळवू शकतं. आधारची बोटांच्या ठशांची ओळख कुलूपबंद करता येते, ती केली. आपल्या नावावर कुठली कर्जं आहेत याचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढला. सध्या तरी त्यात तिचं पतसंस्थेचं कर्ज सोडून दुसरं काही नाही.

आणि यानंतर आणखी एक फोन येतो, त्याची तयारी ठेवा. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले आहेत, सोडवण्यासाठी साडेचार हजार प्रक्रिया शुल्क भरा.’ फसलेल्यांच्या याद्या हातोहात फिरतात आणि ज्याने एकदा भरले तो पुन्हा भरेल हे त्यांना माहीत असतं. पैसे परत द्यायला पोलीस किंवा न्यायालय फोनवर पैसे मागत नाही. असा फोन आला तर नंबर आणि वेळ लिहून घ्या आणि आधीच्या तक्रारीच्या क्रमांकासह पोलिसांकडे नेऊन द्या.